अगत्य आणि शेवटची लोकल

लग्नाची वेबसाइट म्हटलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "आता लिंक पाठवून बोलावणार का लोकांना?" तरुण मंडळी म्हणतात, "सगळं तिथे टाकलंय, आता कुणाला वेगळं काही सांगायला नको." एकांना तिच्यात कोरडेपणा दिसतो, दुसऱ्यांना सुटका दिसते. वरवर विरुद्ध वाटणाऱ्या या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे: निमंत्रण ही मायेची गोष्ट, माहिती ही व्यवस्थेची, आणि अगत्य फक्त पहिलीत असतं. ही समजूत मला उथळ वाटते. लग्न दारातल्या मांडवातून उठून कर्जतच्या फार्महाउसवर गेलं, तेव्हापासून पाहुण्याला नीट माहिती देणं हा अगत्याचाच मोठा भाग झाला आहे. ती माहिती ज्याच्याकडे गाडी आहे त्याला आणि जो लोकलने येणार त्याला सारखीच मिळाली पाहिजे. लग्नाच्या वेबसाइटचं समर्थन मी याच पायावर करतो, आणि आज बनणाऱ्या बहुतेक वेबसाइटांवरची माझी तक्रारही याच पायावर उभी आहे.

१. जुन्या आवतणाला पत्ता लागत नव्हता

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांत, मग ते आगऱ्यांचं असो, कुणब्यांचं असो की ठाकरांची वाडी असो, लग्नाचं आवतण तोंडी फिरायचं. घरटी एक माणूस बोलवायचं की चूलबंद, हे आवतण देणाऱ्याला पक्कं माहीत असायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, सगळं घर मांडवात जेवायला. हळद केव्हा, धवले ही लग्नगीतं म्हणायला धवलारीण कोण येणार, पंगत कधी बसणार, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. मांडव कुणाच्या दारात पडलाय ते साऱ्या गावाला दिसत होतं. आवतणाला उरलेलं काम एकच होतं, मान देण्याचं.

परगावच्या पाहुण्याचं तसं नव्हतं, आणि आजच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट सुटते. परगावच्या माणसाला नुसतं 'या' म्हणून कुणी मोकळं होत नव्हतं. सासुरवाशिणीला आणायला मुराळी जायचा. वऱ्हाडासाठी बैलगाड्या जुंपल्या जायच्या, वेशीवर सामोरी जायला माणसं असायची, वऱ्हाड उतरवायचा जानवसा आधीच झाडून सारवून तयार असायचा. पाहुणा घरातून निघाल्यापासून सुखरूप परत जाईपर्यंतचा भार यजमानावर, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. रस्ता, वेळ, मुक्काम यांची सगळी माहिती मुराळ्याच्या आणि गाडीवानाच्या डोक्यात असे, म्हणून ती कागदावर कधी आली नाही.

पुढे मंगल कार्यालयं आली. दादर असो, ठाणे असो की पुण्याची सदाशिव पेठ असो, पत्रिकेवर कार्यालयाचं नाव आणि 'स्टेशनसमोर' एवढं छापलं की भागायचं, कारण शहर पाहुण्याच्या पायाखालचं होतं. पत्रिकेतली उरलेली जागा मग आजी-आजोबा, काका, मामा आणि 'आपले विनीत' यांच्या नावांना मिळाली. पत्रिका आपल्याला परिपूर्ण वाटते ती या परिस्थितीमुळे. परिस्थिती पालटली, पत्रिका तशीच राहिली.

२. कुणाच्याच गावात नसलेलं लग्न

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण सुरू झाला. माथेरानचा डोंगर एका बाजूला, भीमाशंकरची रांग दुसऱ्या बाजूला आणि मध्ये उल्हास नदीचं खोरं. कर्जतचा हा पट्टा आणि त्याला लागून पाताळगंगेच्या बाजूचा खालापूर तालुका शनिवार-रविवारचा झाला. लग्नं तिथे जाण्याचं कारण नुसता निसर्ग नाही. मुलगा पुण्याचा, मुलगी डोंबिवलीची; कुणाच्या गावात लग्न करायचं हा वाद नको म्हणून दोघांच्या मध्ये पडणारं ठिकाण निवडलं जातं. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यावर दक्षिण मुंबईही या पट्ट्याच्या आणखी जवळ आली. निवड समंजस आहे. पण तिचा एक अर्थ असा की लग्न आता कुणाच्याच गावात नसतं. वधूपक्ष पाहुणा, वरपक्षही पाहुणा. रस्ता विचारावा असा शेजारी नाही, रात्री थांबावं असं ओळखीचं घर नाही. शिवाय ते 'मधलं ठिकाण' मधलं असतं ते गाडीवाल्याच्या नकाशावर.

बाकीच्यांना इथे वाट चुकायला किती जागा आहेत ते पाहा. महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत, एक रायगडात, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. बीड किंवा सोलापूरकडच्या नातेवाइकाला नुसतं 'कर्जत' म्हटलं तर त्याच्या डोळ्यांसमोर दुसरा येईल. खालापूर तालुक्यातलं वरदविनायकाचं महड आणि याच जिल्ह्यातलं चवदार तळ्याचं महाड ही दोन गावं. देवनागरीत एका कान्याने ती वेगळी राहतात, रोमन लिपीत लिहिली की एकच होतात, आणि नकाशा त्यांतलं कुठलं उघडेल याचा नेम नाही. 'चौकला वळा' असं सांगितलं की मुंबईचा ड्रायव्हर पुढचा चौक शोधू लागतो. चौक हे गाव आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. भिवपुरी रोड स्टेशनवर उतरलेल्याला भिवपुरी गाव समोर दिसत नाही.

लोकलचंही तसंच. मुंबईहून निघालेली कसारा लोकल कल्याणला वेगळी वाट धरते. बदलापूर लोकल बदलापूरलाच संपते. खोपोली लोकल कर्जतवरून पुढे पळसदरी, केळवली करत खोपोलीला जाते, पण तशा गाड्या मोजक्या आहेत. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि तो जाहीर होतो लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी. महिनाभर आधी छापलेल्या पत्रिकेला तो कळण्याचा संभवच नाही. दुचाकीवरून येणाऱ्या भाच्याला द्रुतगती मार्गावर जाऊ देत नाहीत, अटल सेतूवरही नाही. त्याने जुन्या महामार्गानेच यायचं, पण पाठवलेला नकाशा बहुधा चारचाकीचा असतो. माथेरान तर कर्जत तालुक्यातच आहे. तिथे लग्न असेल तर गाडी दस्तुरी नाक्याला थांबते, पुढे पायी, घोड्यावर किंवा ई-रिक्षात. १९०७ सालची माथेरानची छोटी गाडीही नेरळपासून वरपर्यंत पावसाळ्यात चालत नाही. पावसाचा विषय निघालाच आहे तर २७ जुलै २०१९ आठवावा: उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये पाण्यात अडकली. चातुर्मासात विवाहाचे मुहूर्त नसतात हे खरं, पण साखरपुडे आणि मेजवान्या भर पावसात ठेवायची हौस याच पट्ट्यात वाढते आहे.

इतकं सगळं असताना पत्रिकेवर ठिकाण म्हणून एक इंग्रजी नाव, खाली 'कर्जत', आणि शेवटी 'अगत्य येण्याचे करावे'. हे वाक्य मला फार आवडतं. पण आज ते पाहुण्याला एकट्यालाच कामाला लावतं. यायचं कसं हे त्याने शोधायचं, परतायचं कसं याची काळजी त्याने करायची, आणि नाही जमलं तर रुसवा त्याच्याच माथी.

३. माहिती न देण्याची किंमत कोण भरतं

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. लग्नाची माहिती नसते असं कधी होत नाही. ती कुणाकडे तरी असतेच. बहुतेक घरांत ती एका मामाकडे किंवा थोरल्या चुलत भावाकडे असते आणि त्याच्या फोनवरून ती पाझरत जाते. जो जवळचा, तो बिनधास्त फोन करतो, "अरे, बस कुठून सुटणार?" त्याला उत्तर मिळतं, जागाही मिळते. जो लांबचा, तो फोन करताना दहा वेळा विचार करतो. लग्नघर आहे, त्यांना कशाला त्रास, आपणच बघू. अशा संकोचामुळे कोण मागे राहतं? एकट्या राहणाऱ्या आत्या. वडिलांच्या ऑफिसातला निवृत्त शिपाई. घरी वीस वर्षं पोळ्या करायला आलेल्या बाई. मुलीची शाळेतली मैत्रीण, जिचं आता त्या वर्तुळात कुणी ओळखीचं नाही. ठाण्याहून सकाळी सातला बस सुटणार होती आणि तिच्यात जागाही रिकाम्या होत्या, हे या लोकांना लग्नानंतर कळतं.

म्हणजे तोंडी व्यवस्थेत माहिती नात्याच्या उतरंडीने खाली येते, आणि तळाशी पोचेपर्यंत संपलेली असते. तिला आपण आपुलकीची व्यवस्था म्हणतो ते वरच्या पायरीवर उभे राहून. विचारल्याशिवाय काहीच कळत नाही अशा घरात ज्याला विचारायची हिंमत आहे त्याचाच पाहुणचार होतो. बोलावलेल्या प्रत्येकाला एकाच जागी, एकाच शब्दांत, कुणाचीही मनधरणी न करता सगळं वाचता येणं, हा नुसत्या सोयीपेक्षा फार मोठा बदल आहे. पोळ्या करणाऱ्या बाईंना आणि मुलाच्या कंपनीतल्या साहेबांना बसची तीच वेळ दिसते. लग्नाच्या बाकी सगळ्या मांडणीत, बसण्याच्या जागेपासून आहेरापर्यंत, पायऱ्या असतात. निदान रस्ता दाखवताना तरी त्या नसाव्यात.

परतीच्या वाटेचा मुद्दा तर याहून टोकदार आहे. गोरज मुहूर्त सायंकाळचा. त्यानंतर भेटीगाठी, फोटो, जेवण. ठिकाण स्टेशनपासून आत, कशेळे गावाच्या वाटेला किंवा नदीपलीकडे. रात्री तिथून रिक्षा मिळत नाही. गाडीवाल्याला रात्र किती झाली याचा विचार करावा लागत नाही. लोकलने आलेला माणूस मात्र संध्याकाळपासून घड्याळाकडे बघत असतो, आणि शेवटची गाडी चुकेल या धास्तीने अक्षता टाकून न जेवता निघतो. त्याला न जेवता जाऊ देणं हा यजमानाच्या परंपरेतला सर्वांत मोठा कमीपणा होता. आज तो सर्रास घडतो आणि यजमानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

४. पंचांगाच्या पाठीवर

वेबसाइट आपल्या रीतीत बसत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की छापील पत्रिकाही कधी तरी नवीच होती. मुद्रक गणपत कृष्णाजींनी मुंबईत एकोणिसाव्या शतकात मराठी पंचांग छापलं, तोवर मुहूर्त जोशीबुवांच्या हस्तलिखितात होता. छापल्याने तो बाटला नाही. १९७३ पासून घराघरांत टांगलेल्या कालनिर्णयने तर पुढच्या बाजूला मुहूर्त आणि मागच्या पानांवर लोकलचं वेळापत्रक दिलं. मुहूर्त आणि गाडीची वेळ एकाच खिळ्याला टांगलेली पाहत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. त्यात विसंगत काही आहे असं कुणाला वाटलं नाही. मी वेबसाइटकडून मागतो आहे ते याहून वेगळं नाही.

५. मग आजच्या वेबसाइटांवर काय असतं?

उघडून पाहावं. वर दोघांचं नदीकाठी काढलेलं छायाचित्र. खाली दिवस, तास, मिनिटं उलटी मोजणारं घड्याळ. मग दोघं कसे भेटले त्याची गोष्ट, हळदीला पिवळं आणि संगीतला निळं अशा रंगांच्या सूचना, छायाचित्रांचं दालन, आणि सर्वांत तळाशी नकाशाचा एक ठिपका. भाषा इंग्रजी. मराठी असते ती शीर्षकातल्या एका ओळीपुरती. ही पानं पाहुण्यासाठी लिहिलेली नसतात, ती पाहुण्याला दाखवण्यासाठी केलेली असतात. दोघांनी आपली गोष्ट हौसेने सांगितली तर त्यात गैर काही नाही; त्यांचा तो दिवस आहे. पण पाहुण्याचे प्रश्न जिथे सुटायला हवेत तिथे ते सुटत नाहीत, आणि मग वडीलधारी मंडळी वेबसाइटला दिखावा म्हणतात तेव्हा त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

पाहुण्यासाठी लिहिलेलं पान कसं असेल? साध्या मराठीत, समोर बसून सांगितल्यासारखं. त्यातला लोकलचा भाग साधारण असा:

"मुंबईहून लोकलने येणार असाल तर कर्जत किंवा खोपोली लिहिलेली गाडी बघून बसा. कसारा नको, बदलापूर नको. खोपोली गाडीत बसलात तरी कर्जतलाच उतरा. येण्या-जाण्याचं दोन्ही तिकीट आधीच काढून ठेवा. दुपारी दोनपासून स्टेशनबाहेर आपली दोन माणसं केशरी फेटा बांधून उभी असतील. ठरलेली गाडी चुकली तर घाबरू नका, पुढच्या गाडीलाही न्यायला माणूस आहे. परत जाणाऱ्यांसाठी रात्री नऊ वाजता फाटकातून गाडी सुटेल आणि ती लोकलच्या वेळेत स्टेशनला पोचवेल. जेवण साडेसातला सुरू होईल, तेव्हा कुणीही न जेवता निघायचं नाही. या दिवशी मेगाब्लॉक असेल तर शुक्रवारी संध्याकाळी इथेच कळवू."

हे वाचून कुणी म्हणेल का की यात माया नाही? 'कुणीही न जेवता निघायचं नाही' हे वाक्य पत्रिकेच्या कुठल्याही विशेषणापेक्षा अधिक अगत्याचं आहे, आणि ते खरं ठरतं कारण त्याच्या मागे साडेसातची पंगत आणि नऊची गाडी आहे. माहिती अशी लिहायला बसलं की यजमानाला व्यवस्था करावीच लागते, कारण नसलेली गाडी लिहिता येत नाही. पान लिहिण्याचा हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'बघू, करू काहीतरी' हे फोनवर चालतं. पाचशे लोकांसमोर लिहून देताना ते चालत नाही.

एसटीचाही वेगळा परिच्छेद हवा. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. गावाकडच्या आज्या आणि मावश्या लग्नाला येणार त्या एसटीनेच. त्यांच्यासाठी कर्जत किंवा खोपोलीच्या स्थानकाचं नाव, कुठल्या फाट्यावर उतरायचं ते, आणि फाट्यावर कोण भेटेल ते लिहायला हवं. हे लिहिलेलं पान मी अजून पाहिलेलं नाही.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप: व्हॉट्सॲपचा ग्रुप असताना वेबसाइट कशाला? ग्रुपवर माहिती येते आणि वाहून जाते. बसची वेळ बदलल्याचा निरोप दीडशे शुभेच्छांच्या खाली दबतो; जुना निरोप कुणी तरी पुढे पाठवतो आणि तोच खरा मानला जातो. शिवाय ग्रुपमध्ये कोणाला घ्यायचं हा पुन्हा मानपानाचाच प्रश्न, म्हणजे मघाची उतरंड परत आली. ग्रुप गप्पांना आणि फोटोंना चांगला आहे. ताजी, खरी वेळ कुठली याचं उत्तर एकाच ठिकाणी असायला हवं, आणि ग्रुपवरून त्या ठिकाणाकडे बोट दाखवलं की झालं.

दुसरा आक्षेप अधिक मनाला लागणारा आहे. 'येणार का, किती जण येणार' असं पाहुण्याला विचारणं हा त्याचा अपमान, आपल्यात असं विचारत नाहीत. पण आपल्यात विचारत होतेच. घरटी आणि चूलबंद ही मोजणीच होती, फक्त ती बोलावणाऱ्याने आपल्या बाजूने ठरवलेली होती. आचाऱ्याला पानं किती हे नेहमीच सांगावं लागलं आहे. कोविडच्या काळात २०२० मध्ये पन्नास आणि एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं, तेही दोन तासांत, अशी बंधनं आली तेव्हा प्रत्येक घराने माणसं मोजली आणि कुणी ते मनाला लावून घेतलं नाही. कर्जतसारख्या ठिकाणी ही मोजणी जास्तच लागते: ऐन वेळी शंभर पानं वाढली तर आणायला बाजार जवळ नाही, आणि शंभर उरली तर ते अन्न वाटायला वेळेत कुणी सापडत नाही. प्रश्न विचारण्याच्या रीतीचा आहे. 'अमुक तारखेच्या आत कळवा, अन्यथा जागा धरली जाणार नाही' हे उद्धट आहे. 'किती जण येताय ते कळलं तर गाडीत आणि मुक्कामाला तुमची जागा ठेवता येईल' यात तोच प्रश्न आहे, पण पाहुण्याच्या बाजूने विचारलेला.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. ज्येष्ठांना, ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना, वाचता न येणाऱ्यांना वेबसाइटचा काय उपयोग? थेट उपयोग थोडाच. पण पान असं लिहावं की नातवाने फोनवरून आजीला वाचून दाखवलं तर ते जसंच्या तसं कळावं. छायाचित्रांच्या दालनाने आणि उलट्या घड्याळाने हे होत नाही, साध्या परिच्छेदांनी होतं. तोच मजकूर एका कागदावर छापून पत्रिकेच्या पाकिटात घालावा. आणि एक माणूस फोनवर असावा, ज्याचं त्या दिवशी दुसरं काही काम नाही. वेबसाइटमुळे नेहमीचे प्रश्न कमी झाले की हा माणूस खरोखर ज्यांना गरज आहे त्यांना वेळ देऊ शकतो. आणखी एक साधी गोष्ट: या डोंगरांच्या कुशीत अनेक ठिकाणी फोनला रेंजच नसते. फाटकावर क्यूआर कोडचा फलक लावून उपयोग नाही. पाहुणा घरून निघण्याआधीच ते पान त्याच्या फोनमध्ये उतरलेलं असलं पाहिजे, हे त्यालाही सांगायला हवं.

चौथा आक्षेप खाजगीपणाचा. लग्नाच्या दिवशी कोणाचं घर रिकामं असणार हे जगजाहीर करणं शहाणपणाचं नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही, म्हणून पाहुण्यांचे फोन नंबर, त्यांच्या मुलांची छायाचित्रं, कोण कुठे उतरलंय याची यादी यांची राखण यजमानाच्या सद्सद्विवेकावरच आहे. पान संकेतशब्दाने बंद ठेवावं, घरचा पत्ता घालू नये, पाहुण्यांच्या याद्या एकमेकांना दिसू नयेत. ज्यांच्या लग्नाला घरचा विरोध आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न सोयीच्या फार पुढचा आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस निबंधकाच्या कार्यालयात लावली जाते आणि त्या कागदानेच अनेक जोडप्यांना धोका होतो. त्यांनी उघडं पान करूच नये. ओळखीच्या वीस जणांना फोन करावा. पाहुण्याची काळजी हा वेबसाइटचा आधार असेल, तर वधूवरांची सुरक्षितता त्याच्याही आधी येते.

७. ज्यांच्या गावात आपण जातो

एक पक्ष या साऱ्या चर्चेत नसतोच. फार्महाउसचं पान त्या जागेला 'निवांत दरी' म्हणतं. ती दरी म्हणजे कुणाचं तरी गाव असतं, त्याच्या कडेला ठाकरांची किंवा कातकऱ्यांची वाडी असते, आणि लग्नात भांडी घासणारे, मांडव बांधणारे, फुलांच्या माळा लावणारे हात बहुधा तिथलेच असतात. वेबसाइटवर गावाचं नाव लिहावं, ही माझी मागणी आधी व्यवहाराची आहे: स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला नव्याने ठेवलेलं इंग्रजी नाव माहीत असेलच असं नाही, गावाचं नाव मात्र नक्की माहीत असतं. आणि ती सभ्यतेचीही आहे. ज्या गावात चार-पाचशे माणसं रात्र घालवणार, त्या गावाचं नाव पाहुण्याला कळायला हवं.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो. डोंगरांमध्ये आवाज शहरापेक्षा लांब जातो आणि पलीकडच्या वाडीत सकाळी लवकर कामाला निघणारी माणसं झोपलेली असतात. 'दहा वाजता संगीत थांबेल' हे पानावर आधीच लिहिलं तर दहा वाजता कुणा मित्राशी वाद घालावा लागत नाही. ओढ्यात उतरू नये, गावातल्या अरुंद रस्त्यावर गाड्या उभ्या करू नयेत, ड्रायव्हर मंडळींचं जेवण आणि विश्रांतीची जागा कुठे आहे, याच्याही दोन-तीन ओळी हव्यात. ड्रायव्हरांची जागा तर हटकून विसरली जाते, आणि रात्री दोन वाजता घाटाच्या रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस उपाशी आणि जागलेला असतो.

हे पान कोणी लिहावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. वेबसाइट बनवणाऱ्याने नाही, छायाचित्रकाराने नाही, वरानेही नाही, कारण वर गाडीने जाणार आहे. घरात जी व्यक्ती लोकलने आणि एसटीने फिरते, तिच्याकडे हे काम द्यावं. तिने महिनाभर आधी एकदा स्टेशनवर उतरून, मिळेल त्या वाहनाने त्या ठिकाणी जाऊन यावं आणि वाटेत जिथे जिथे तिला थांबून विचारावं लागलं ते सगळं लिहून काढावं. मग ते एखाद्या लांबच्या नातेवाइकाला, ज्याने कर्जत कधी पाहिलेलं नाही, फोनवर वाचून दाखवावं आणि त्याने विचारलेले प्रश्न त्यात भरावेत. लग्न पार पडल्यावर आठवडाभरात पाहुण्यांनी भरलेली माहिती पुसून टाकावी. आचाऱ्याचा आणि बसवाल्याचा हिशोब मिटेपर्यंतच तिचं काम असतं.